बार्शी लाईट रेल्वे: अडीच फुटांच्या रुळांमागचा हिशोब

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: कुर्डुवाडीपर्यंत मोठी गाडी आलेली असताना तेथून बार्शी, पंढरपूर, लातूर आणि मिरजेकडे अडीच फुटांची, म्हणजे दोन रुळांत तेवढेच अंतर असलेली, छोटी लाईन का टाकली गेली, ती कंपनीची कंजुषी होती की त्यामागे काही विचार होता, आणि शेवटी ती मोडीत का निघाली? मी रेल्वेच्या परमनंट वे खात्यात, म्हणजे रूळ, त्यांच्याखालचे आडवे स्लीपर आणि खडी सांभाळणाऱ्या खात्यात नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे याच लाईनवर काढली, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. परंतु या लाईनविषयी लोकांच्या मनात इतके गैरसमज आहेत की दोन ओळींत सांगून भागण्यासारखे नाही.

पहिला गैरसमज नावाचाच आहे. आमच्या भागात एखादा माणूस कामात संथ असला की त्याला ‘बार्शी लाईट’ म्हणायची पद्धत होती, आणि चालत्या गाडीतून उतरून शेंगा विकत घेऊन पुन्हा त्याच डब्यात चढल्याची गोष्ट तर प्रत्येक गावाने आपापल्या स्टेशनाच्या नावावर खपवलेली आहे. यातला ‘लाईट’ हा शब्द म्हणजे दिवाही नव्हे आणि थट्टाही नव्हे. इंग्रजी अमदानीत ‘लाईट रेल्वे’ हा रेल्वेचा एक स्वतंत्र प्रकारच मानला जात असे. हलके रूळ, हलकी वाहने, कमी वेग आणि त्या बदल्यात कुंपण, सिग्नल, स्टेशनांच्या इमारती यांबाबत मिळणारी सवलत असा तो व्यवहार होता. म्हणजे वेग कमी ठेवणे हे मुळातच ठरवून केलेले होते. ज्या मुलखात दिवसाला एक-दोन गाड्याच भरणार, तेथे मुख्य मार्गाच्या तोलामोलाचा खर्च केला तर भाड्यातून व्याजसुद्धा निघणार नाही, हे गणित त्यामागे होते.

बार्शीलाच अशी लाईन का हवी होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे, म्हणजे जी.आय.पी.चे, रूळ पुण्याच्या पुढे भीमेच्या खोऱ्यातून 1860 साली सोलापूरला पोहोचले. गंमत अशी की तेव्हा बोरघाटाचे काम पुरे व्हायचे होते. घाट 1863 साली खुला झाला, तोवर वरची गाडी वर आणि खालची गाडी खाली, मधला घाट माणसांनी आणि मालाने आपापल्या सोयीने उतरायचा असा प्रकार होता. या मुख्य मार्गाने बार्शी गाव उत्तरेला बाजूस टाकले. गावापासून सुमारे 35 किलोमीटरवर जे स्टेशन झाले त्याचे नाव ‘बार्शी रोड’ ठेवण्यात आले. स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ दिसले की समजावे, गाव लांब आहे आणि पुढची वाट आपल्याला आपणच काढायची आहे. जत रोड, कळंब रोड, लातूर रोड ही सगळी त्याच घराण्यातली नावे. हे बार्शी रोड म्हणजेच आजची कुर्डुवाडी.

बार्शी ही तेव्हा नुसती तालुक्याची पेठ नव्हती. ती इंग्रजी मुलखात होती, पण निजामाच्या हद्दीला अगदी लागून, आणि बालाघाटच्या डोंगरापलीकडच्या मराठवाड्यातला कापूस, गळिताची धान्ये आणि ज्वारी बैलगाड्यांनी घाट उतरून तेथे येत असे. अमेरिकेतील 1861 ते 1865 च्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडातील गिरण्यांनी आपल्याकडच्या कापसाला भाव दिला, तेव्हापासून या पेठेचे महत्त्व वाढत गेले. लातूरला लोकमान्य टिळकांनी भागीदारीत सरकी काढण्याचा कारखाना घातला तो 1891 च्या सुमारास, म्हणजे तेथे रेल्वे पोहोचण्याच्या वीस वर्षे आधी. त्या कारखान्यातल्या रुईच्या गाठी रेल्वेपर्यंत न्यायच्या म्हणजे बैलगाडीच. एका बैलगाडीत फार तर अर्धा-पाऊण टन माल बसतो, काळ्या मातीत पाऊस पडला की चाक आरीपर्यंत रुतते आणि कापूस भिजला की भाव पडतो. त्यामुळे बार्शी ते बार्शी रोड हा छोटा पल्ला व्यापाऱ्याच्या हिशोबात पुढच्या मुंबईपर्यंतच्या लांबलचक प्रवासापेक्षा जास्त खुपत असे.

ही गोष्ट हेरणारा माणूस म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जन्म 1857 चा, शिक्षण आणि उमेदवारी इंग्लंडातल्या इंजिन कारखान्यांत, आणि 1882 साली तो जी.आय.पी.मध्ये लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून इकडे आला. मुख्य मार्गाला माल आणून देणाऱ्या छोट्या जोडलाईनींचा प्रश्न त्याला नोकरीत असतानाच लागला होता. पुढे त्याने नोकरी सोडली, इंग्लंडात जाऊन सल्लागार इंजिनिअर म्हणून व्यवसाय मांडला आणि बार्शीचा पिच्छा काही सोडला नाही. सरकारशी बोलणी करण्यात वर्षांमागून वर्षे गेली. अखेर 1895 साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि मार्च 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही पहिली लाईन सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यात ते दुष्काळाचे वर्ष होते, हे लक्षात ठेवलेले बरे. कापसाच्या आशेवर काढलेल्या लाईनीचा जन्म उपासमारीच्या वर्षात झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ‘अडीच फूट का?’ असे सगळे विचारतात, पण माझ्या मते विचारायला हवा तो प्रश्न ‘पाच टन का?’ हा आहे. कॅलथ्रॉपचे सगळे तर्कशास्त्र एका आकड्याभोवती फिरते, तो म्हणजे ॲक्सल लोड, अर्थात एका आसावर येणारा भार. रूळ तुटतो किंवा वाकतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे. एका वेळी एका आसाखाली जे वजन येते त्याने. गाडी शंभर टनांची असो की हजार टनांची, रुळाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो सर्वांत जड आस. त्या काळच्या सर्वसाधारण लाईनींवर हा सर्वांत जड आस हमखास इंजिनाचा असे. इंजिनाच्या आसावर समजा दहा टन आणि डब्याच्या आसावर पाच टन असले, तर रूळ, स्लीपर आणि पूल हे सगळे दहा टनांच्या हिशोबाने बांधावे लागत, आणि मागचे पन्नास डबे त्या ताकदीचा निम्माच उपयोग करत. म्हणजे एका इंजिनाच्या सोयीसाठी सगळ्या लाईनीवर दुप्पट खर्च.

कॅलथ्रॉपने हे उलट्या बाजूने मांडले. आधी त्याने ठरवले की दर वाराला (यार्डाला) 30 पौंड वजनाचा रूळ वापरायचा. आजच्या भाषेत तो मीटरला सुमारे 15 किलोचा होतो. सध्या मुख्य मार्गांवर 60 किलोचा रूळ घालतात, म्हणजे चौपट. या हलक्या रुळाला एका आसाखाली पाच टन सोसतात. मग नियम एकच केला: इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कोणाच्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, आणि शक्यतो कोणाच्याही आसावर त्यापेक्षा फार कमीही येऊ नये. ज्या ताकदीचे पैसे मोजले आहेत ती प्रत्येक चाकाखाली वापरली गेली पाहिजे. या विचारात कंजुषी शोधणाऱ्याने तो नीट वाचलेला नाही, असे मी म्हणेन.

नियम सांगणे सोपे आहे, पण त्यात इंजिन बसवणे अवघड. इंजिनाला ओढण्याची ताकद येते ती चालक चाकांवरच्या, म्हणजे वाफेने फिरवल्या जाणाऱ्या चाकांवरच्या, वजनातून. वजन कमी केले तर चाके जागच्या जागी फिरतात आणि गाडी हलत नाही. पाच टनांच्या मर्यादेत राहायचे आणि ताकदही हवी, तर चालक आसांची संख्या वाढवणे हाच मार्ग उरतो. म्हणून इंग्लंडातल्या लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीसाठी जी पहिली इंजिने बांधली त्यांना एकमेकांना जोडलेली चार चालक आसे होती आणि मागे कोळशाच्या कोठीखाली आणखी दोन आसांची बोगी, म्हणजे वळणावर वळणारा सुटा चाकगाडा. चार आसांवर मिळून वीस टन वजन, आणि कोरड्या रुळावर त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी पकड धरली तरी चाक न घसरता चार टनांपर्यंत ओढ मिळण्याची सोय झाली. अडीच फुटांच्या रुळांवरच्या इंजिनाकडून त्या काळी कोणी एवढी अपेक्षा करत नसे. चार आसे जोडली की वळणावर इंजिन अडते, ही अडचण असतेच. त्यासाठी चाकांच्या कडांमध्ये आणि आसांच्या बाजूच्या हालचालीत मोकळीक ठेवावी लागते, आणि तीच मोकळीक पुढे झिजून जास्त झाली की आम्हा रूळवाल्यांच्या डोक्याला ताप होतो. तो भाग वेगळा.

डब्यांच्या बाबतीत त्याने याहून मोठी मजल मारली. सर्व प्रकारच्या डब्यांना 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद अशी एकच चौकट ठरवली. तिच्यावर पेटी बसवली की बंद मालडबा, नुसत्या फळ्या लावल्या की उघडा डबा, बाके ठेवली की प्रवासी डबा. चौकट दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची, लीड्स फोर्ज कंपनीची. लाकडाच्या किंवा रिव्हेट मारून जोडलेल्या जाड लोखंडाच्या चौकटीपेक्षा ती बरीच हलकी होती. याचा फायदा साध्या वजाबाकीने कळतो. चार आसांच्या डब्याला रुळाकडून परवानगी वीस टनांची आहे. त्यात डब्याचे स्वतःचे वजन जेवढे कमी, तेवढा भाड्याचा माल जास्त. डबा आठ टनांचा असेल तर माल बारा टन, डबा पाच टनांचा केला तर माल पंधरा टन. इंजिन तेच, कोळसा तोच, गार्ड तोच, आणि उत्पन्न सव्वापट.

सात फूट रुंदी ही गोष्टही थांबून पाहण्यासारखी आहे. रूळ अडीच फुटांवर आणि डबा सात फुटांचा, म्हणजे गेजच्या, अर्थात दोन रुळांमधल्या अंतराच्या, जवळजवळ तिप्पट. आपल्या साडेपाच फुटी ब्रॉडगेजचा डबा गेजच्या दुप्पटही भरत नाही. एवढा बाहेर आलेला डबा डोलू नये म्हणून चाके लहान ठेवून जमिनीपासूनची उंची कमी केली होती. छोट्या गाडीत बसलेल्या माणसाला आत शिरल्यावर डबा अनपेक्षितपणे ऐसपैस वाटायचा, त्याचे कारण हे. मात्र अशा डब्याला रूळ नीट सारख्या पातळीत असावे लागतात. एका बाजूचा रूळ बोटभर दबला तरी ब्रॉडगेजच्या डब्याला जेवढा कल येतो त्याच्या दुपटीहून अधिक कल या डब्याला येतो. गेज अरुंद आहे म्हणून देखभाल सोपी, असे मानणाऱ्या वरिष्ठांना हे समजावता समजावता आमच्या मुकादमांची आणि गँगमनांची उमर गेली.

हा सगळा सरंजाम भारतात पाठवण्यापूर्वी कॅलथ्रॉपने लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून त्याची जाहीर चाचणी घेतली आणि इंजिनिअर मंडळींना ती पाहायला बोलावले. त्याचा बोलबाला झाला. वेस्ट इंडिजमधील बार्बाडोस बेटावरची रेल्वे 1898 मध्ये अडीच फुटांवर आणली गेली तेव्हा तेथे हाच सल्लागार होता, आणि इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमधील लीक अँड मॅनिफोल्ड ही 1904 ची लाईन तर बार्शीची धाकटी बहीण शोभावी अशी होती. सहसा विलायतेत झालेले इकडे आणतात. येथे बार्शीसाठी आखलेले तिकडे गेले. जाता जाता सांगतो, याच माणसाने पुढे विमानातून उडी मारण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले. त्याचा मित्र, रोल्स-रॉईसमधला रोल्स, 1910 मध्ये विमान कोसळून मरण पावला, ते दुःख त्यामागे होते. पॅराशूटमध्येही प्रश्न एकच असतो, कमीत कमी वजनाच्या वस्तूकडून जास्तीत जास्त भार सुखरूप खाली आणणे. तेव्हा तो फार लांब गेला असे मला वाटत नाही.

तरीही गेजचा प्रश्न शिल्लक राहतोच: पाच टनांचा ॲक्सल लोड मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळांवर, ठेवता आला नसता का? आला असता. परंतु गेज वाढले की स्लीपर लांब होतो, भराव रुंद होतो, खडी वाढते आणि वळणे मोठी घ्यावी लागतात. बार्शीच्या पुढे येडशीकडे जाताना रामलिंगच्या जंगलातून लाईन बालाघाट चढते. तेथे तीव्र वळण चालत असेल तर डोंगर कापावा लागत नाही, चालत नसेल तर कापावा लागतो. उलट गेज फारच अरुंद केले तर वर सांगितलेला रुंद डबा तोल सांभाळणार नाही. अडीच फूट हा या दोन्ही बाजूंमधला सौदा होता. आणि अरुंद गेज म्हणजे आपोआप यश असेही नाही. बडोद्याच्या गायकवाडांनी 1862 साली डभोई ते मियागाम अशी अडीच फुटांचीच लाईन टाकली होती. तिचे रूळ इतके हलके निघाले की सुरुवातीला डबे बैलांनी ओढले आणि नियमित इंजिन चालवण्यासाठी 1873 मध्ये अधिक मजबूत रूळ घालावे लागले. गेज तेच, फरक होता रूळ आणि आस यांचा आधी मेळ घातला होता की नाही याचा.

पुढचा विस्तार मालाच्या आणि माणसांच्या ओढीने झाला. पंढरपूरची शाखा 1906 मध्ये सुरू झाली. बार्शीकडची लाईन निजामाच्या हद्दीत तडवळ्यापर्यंत गेली आणि 1911 मध्ये लातूरला पोहोचली. पंढरपूर ते मिरज हा शेवटचा आणि सर्वांत लांब तुकडा सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ असा दुष्काळी माणदेशाच्या कडेने आणि लहानमोठ्या संस्थानांच्या हद्दींतून 1927 साली पुरा झाला. कॅलथ्रॉपचे निधनही त्याच वर्षातले. लातूर ते मिरज मिळून 202 मैल, म्हणजे सुमारे 325 किलोमीटर. अडीच फुटांची एवढी सलग लाईन आणि तीही एका कंपनीची, हे देशात सहज आढळणारे चित्र नव्हते. विदर्भातल्या मूर्तिजापूर, यवतमाळ आणि अचलपूरच्या ‘शकुंतला’शी पुष्कळ लोक हिची गल्लत करतात. गेज तेच आणि माल मुख्यतः कापूस हे साम्य आहे, पण कंपनी वेगळी, काळ नंतरचा, आणि तिचे पुढचे नशीबही निराळे.

लातूरवर या लाईनीने काय केले हे त्या शहराची बाजारपेठ पाहिली की कळते. गाडी येण्याआधी मराठवाड्याच्या त्या भागाचा माल बार्शीला उतरत असे. लातूर हे शेवटचे स्टेशन झाल्यावर माल लातूरलाच थांबू लागला आणि अडते, तेलघाण्या, सरकीचे कारखाने तेथे वाढले. शेवटच्या स्टेशनाला नेहमीच हा फायदा मिळतो, कारण त्याच्या पलीकडचा सगळा मुलूख बैलगाडीने तेथेच येतो. बार्शीने जी लाईन मागून घेतली तिनेच बार्शीचा निम्मा व्यापार पुढे नेला, असे जुने अडते हसत सांगत. तरी बार्शीला कापडगिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा तिचे अगदीच नुकसान झाले असे नाही.

पंढरपूरचे गणित निराळे आणि आमच्या खात्याला धडकी भरवणारे. वर्षातले बहुतेक दिवस त्या शाखेवर मोजके उतारू असत, आणि आषाढी-कार्तिकीला एकदम लोंढा. त्यातही वारकरी जाताना दिंडीबरोबर पायी जातो आणि येताना गाडीने येतो, म्हणजे सगळा भार एकाच दिशेला आणि तोही काल्यापर्यंतच्या चार-पाच दिवसांत. एवढ्यासाठी वर्षभर रिकामे डबे पोसणे कोणत्याही कंपनीला परवडले नसते. येथे ती एकसारखी चौकट कामाला आली: मालाचे डबे झाडून-पुसून यात्रेकरूंना दिले जात. कॅलथ्रॉपच्या हिशोबात माणूस आणि कापूस यांत फारसा फरक नव्हता असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही, परंतु मालडब्यांची सोय नसती तर त्यातल्या निम्म्या लोकांना कुर्डुवाडीपर्यंतची पन्नास किलोमीटरची वाट परतीलाही पायीच तुडवावी लागली असती. मी सेक्शनवर असताना आषाढीच्या आधी पंधरा दिवस रजा बंद असायच्या. रूळ जुलैच्या पावसात फुगलेल्या काळ्या मातीवर, डब्यात माणसे माळ्यावर कणसे रचावीत तशी, काही टपावर. आणि आमचा की-मॅन हातोडा घेऊन रात्रभर रूळ जागेवर धरणाऱ्या चाव्या ठोकत फिरतो आहे. टपावरच्या माणसांमुळे डब्याचा गुरुत्वमध्य वर जातो, त्यामुळे त्या दिवसांत वळणांवर ताशी दहा-पंधरा किलोमीटरची मर्यादा घालण्याशिवाय आमच्या हाती काही नसे. त्या वेगाची चेष्टा करणाऱ्यांपैकी बहुतेक जण सुखरूप घरी पोहोचलेले असत.

मग ही लाईन मागे का पडली? बहुतेकांचे उत्तर ‘वेग’ असे असते. मला ते अर्धेच पटते. खरे दुखणे पहिल्या दिवसापासून कुर्डुवाडीच्या यार्डात होते. अडीच फुटांचा डबा साडेपाच फुटांच्या रुळांवर जाऊ शकत नाही. त्यामुळे लातूरहून आलेले प्रत्येक पोते कुर्डुवाडीला हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाणार. मिरजेला तीच कथा, कारण तेथे 1927 मध्ये मीटरगेज होते. पुणे ते मिरज ब्रॉडगेज 1971 मध्ये झाल्यावर काही वर्षे मिरजेत तिन्ही गेज एकत्र नांदली. या चढ-उताराची मजुरी, पोती फुटणे, गाठी भिजणे, मोठ्या गाडीचा रिकामा डबा वेळेवर न मिळाल्याने माल फलाटावर पडून राहणे, हे सगळे 1897 मध्ये परवडत होते, कारण तुलना बैलगाडीशी होती. बैलगाडीतूनही माल बार्शी रोडला उतरवावाच लागत असे. ट्रक आल्यावर तुलना बदलली. ट्रक लातूरच्या अडत्याच्या दारात माल भरतो आणि मुंबईच्या मशिद बंदरात रिकामा करतो, मध्ये कोणी हात लावत नाही. प्रवाशांच्या बाबतीत 1948 मध्ये सुरू झालेल्या एस.टी.ने हेच केले. रेल्वेचे स्टेशन गावाबाहेर, आणि एस.टी. मात्र चावडीपुढे थांबणारी.

कंपनी 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने विकत घेतली आणि लाईन मध्य रेल्वेत आली; मध्य रेल्वे स्वतः 1951 मध्येच स्थापन झाली होती, म्हणजे बार्शी लाईट तिच्यात जरा उशिराच सामील झाली. त्यानंतर तिच्याकडे दुर्लक्ष झाले, असे सरसकट म्हणतात. मला ते जरा अन्यायाचे वाटते. कुर्डुवाडीची कार्यशाळा नॅरोगेजच्या कामात इतकी मुरलेली होती की सुटा भाग बाजारात मिळत नसेल तर तेथेच घडवला जाई, आणि त्या कसबामुळेच माथेरानच्या छोट्या डब्यांचे काम तेथे येऊ लागले. मात्र हलक्या लाईनीचा एक शाप असतो. तिच्यात राखीव ताकद नसते. ब्रॉडगेजच्या रुळाची झीज झाली तरी तो काही वर्षे तग धरतो. पंधरा किलोचा रूळ झिजला की पाच टनांची मर्यादा ताबडतोब धोक्यात येते आणि वेगावर निर्बंध घालावा लागतो. पुढे अधिक वजनाचे रूळ आले, इंजिनेही बदलली, पण नूतनीकरणाचा पैसा मोठ्या मार्गांना आधी, हा क्रम साहजिकच होता. निर्बंध वाढले, गाडी संथ झाली, उतारू एस.टी.कडे गेले, उत्पन्न घटले, आणि उत्पन्न नाही म्हणून रूळ बदलले नाहीत. नव्वदच्या दशकात माझ्या सेक्शनमध्ये असे निर्बंध इतके होते की निर्बंध नसलेली ठिकाणे लक्षात ठेवणे सोपे पडे.

देशभर एकच गेज करण्याचे धोरण 1992 मध्ये आले तेव्हा बार्शी लाईटचा निकाल लागल्यातच जमा होता. कुर्डुवाडी ते पंढरपूर हा तुकडा 2002 च्या सुमारास ब्रॉडगेज झाला, लातूरची बाजू 2008 पर्यंत, आणि पंढरपूर ते मिरज सर्वांत शेवटी. हे नुसते रूळ रुंद करणे नव्हते. जुनी लाईन पैसे वाचवण्यासाठी डोंगराच्या कडेकडेने वळत गेलेली, तिची वळणे मोठ्या गाडीला चालणारी नव्हती. त्यामुळे अनेक ठिकाणी नवी वाट काढावी लागली, आणि त्या संधीचा फायदा घेऊन मार्ग उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, शहरावरून नेण्यात आला. जुन्या लाईनीवर त्या जिल्ह्याच्या गावाला स्वतःचे स्टेशनच नव्हते. येडशीला उतरून वीसएक किलोमीटर जावे लागे. जुना भराव काही ठिकाणी अजून दिसतो. येडशीच्या बाजूला कोणी फिरायला गेलाच तर दगडी मोऱ्यांची कमान नीट पाहावी. पाच टनांसाठी बांधलेल्या त्या मोऱ्या शंभर वर्षांनीही फुटलेल्या नाहीत.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला पिण्याचे पाणी संपले तेव्हा मिरजेहून पाण्याच्या टाक्यांची गाडी सोडण्यात आली, ती पंढरपूर आणि कुर्डुवाडीवरून, म्हणजे जवळजवळ बार्शी लाईटच्याच वाटेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर आणि नंतर पन्नास टाक्यांतून पंचवीस लाख लिटर पाणी पोहोचवले गेले. निवृत्त माणसाला रिकामा वेळ असतो, म्हणून मी तेव्हा हिशोब मांडला होता: पंचवीस लाख लिटर म्हणजे अडीच हजार टन, डब्याला पंधरा टन धरले तर कॅलथ्रॉपच्या मापाचे 167 डबे, तेवढ्यांसाठी निदान आठ-नऊ गाड्या, आणि मिरजेला मात्र त्या थेट यार्डात भरता आल्या असत्या, कारण पाणी दोन्ही टोकांना त्याच गेजवर होते. मध्ये कुर्डुवाडीचा हमाल लागला नसता.